सेटची भिंत पटकन जुळावी म्हणून : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात नेपथ्याबद्दल प्रश्न पाठवा असं म्हटलं होतं, त्यावर आलेली बरीचशी पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरतायत. फ्लॅट, म्हणजे लाकडी चौकटीवर प्लाय ठोकून केलेले सेटच्या भिंतीचे सुटे तुकडे, एकमेकांना जोडायचे कसे, आणि जोडल्यावर भिंत हलू नये म्हणून काय करायचं. म्हणून या वेळी सगळी जागा त्यालाच दिलीये.

प्रश्न : दादा, आम्ही सांगलीची कॉलेजची मुलं, दरवर्षी एकांकिका करतो. गेल्या वर्षी प्लायचे फ्लॅट करून स्क्रूने जोडायचो, दोघं जण ड्रिल मशीन घेऊन पळायची, आणि तिसऱ्या प्रयोगापर्यंत भोकं ढिली झाली. यंदा असे फ्लॅट करायचेत की हाताने पटापट जुळतील आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या एकांकिकेला वेगळ्या पद्धतीने लावता येतील. माप काय धरू आणि जोड कुठला वापरू?

मुलांनो, कागदावर भिंत काढण्याआधी टेप घेऊन बाहेर पडा आणि टेम्पोच्या हौद्याची लांबी-रुंदी, तुमच्या कॉलेजचा जिना जिथे वळतो ती जागा, आणि ज्या थिएटरला जाणार तिथलं मागचं दार, एवढी तीन मापं घेऊन या. फ्लॅट किती मोठा करायचा हे या मापांवर ठरतं. अमेरिकेत जुन्या फिरत्या नाटक कंपन्या फ्लॅटची रुंदी ५ फूट ९ इंचाच्या वर जाऊ देत नसत, कारण तेवढाच फ्लॅट रेल्वेच्या मालडब्याच्या दारातून आत जायचा. आपल्याकडे प्लायची शीट ८ बाय ४ ची मिळते, म्हणून मी उंची सगळीकडे ८ फूट आणि रुंदी ४, २ आणि १ फूट अशीच ठेवतो. या तीन रुंद्यांमधून कुठल्याही पूर्ण फुटाची भिंत तयार होते, ७ फूट हवी तर ४, २, १ लावले की झालं. उंची १० फूट हवी असेल तर वर २ फुटाचा वेगळा पट्टा करायचा, अख्खा १० फुटाचा फ्लॅट करू नका, तो जिन्यात अडकतोच.

आता चौकट. पाऊण इंच जाड, अडीच इंच रुंद अशी पाइनची रीप घ्या आणि ती आडवी न ठेवता उभी लावा, म्हणजे पाऊण इंचाची कड प्लायला चिकटेल आणि अडीच इंचाची बाजू फ्लॅटची जाडी होईल. असं का, तर दोन फ्लॅट शेजारी उभे केले की अडीच इंच रुंदीचे दोन सपाट चेहरे एकमेकांना भिडतात आणि सांधा तिथे करता येतो. रीप आडवी लावली तर भिडायला फक्त पाऊण इंच मिळतं, त्यात धड भोकही पाडता येत नाही. ४ एमएम प्लाय आणि पाइनची चौकट धरून ८ बाय ४ चा फ्लॅट अंदाजे १३ किलोचा होतो, म्हणजे एकटा मुलगा उचलेल आणि दोघं असतील तर कुठे न आपटता नेतील.

स्क्रूची भोकं ढिली का झाली ते सांगतो. स्क्रू लाकडात स्वतःचे आटे कापून बसतो, आणि पाइनसारख्या मऊ लाकडात काढ-घाल केली की ते आटे तुटून भुसा होतात. म्हणून जो सांधा रोज उघडायचाय तो लाकडाच्या आट्यांवर कधीच ठेवायचा नाही, तो आरपार जायला हवा, बोल्ट आणि नट. ८ एमएमचा अडीच इंची बोल्ट, दोन्ही बाजूंना मोठा वायसर, आणि मागून विंग नट, म्हणजे पाना लागत नाही, बोटांनीच आवळतो. भोक मात्र १० एमएमचं पाडा. ८ च्या बोल्टला ८ चं भोक पाडलं तर अंधारात, घाईत, घाम आलेल्या हातांनी तो कधीच आत जात नाही.

पण १० च्या भोकात ८ चा बोल्ट खेळतो ना, आणि तो खेळला की शेजारच्या फ्लॅटचा चेहरा मिलीमीटर-दोन मिलीमीटर पुढे येतो, साइड लाइट पडला की तीच रेष प्रेक्षकाला दिसते. म्हणून मी सांध्याची दोन कामं वेगळी करतो, लाकडी खुंटी जागा दाखवते आणि बोल्ट आवळतो. खुंटी अर्धा इंच जाडीची, एक इंच बाहेर आलेली, टोकाला तासलेल्या पेन्सिलसारखी निमुळती. निमुळतं टोक भोकात सहज शिरतं, शिरता शिरता फ्लॅट स्वतःच सरकून जागेवर येतो, मग बोल्ट टाकायचा. हे एकदा हाताने करून पाहिलंत की परत ड्रिल मशीनकडे जाणार नाही.

बोल्टची भोकं खालून १, ४ आणि ७ फुटांवर, खुंट्या २ आणि ६ फुटांवर, सगळ्या फ्लॅटना, मग तो १ फुटाचा असो की ४ चा. समोरून बघताना उजव्या कडेला कायम खुंट्या, डाव्या कडेला कायम त्यांची भोकं. हा नियम एकदाही मोडायचा नाही, कारण त्याच्यामुळेच कुठलाही फ्लॅट कुठल्याही फ्लॅटशेजारी बसतो. फ्लॅट उलटा उभा केला तर खुंट्या डावीकडे जातात, तेव्हा मागच्या बाजूला वर जाणारा बाण ठळक रंगवून ठेवा. आणि ही भोकं टेप लावून प्रत्येक फ्लॅटवर वेगळी मोजू नका. ८ फुटाची एक चांगली सरळ रीप घ्या, तिच्यावर एकदाच नीट मोजून भोकं पाडा, आणि मग ती प्रत्येक कडेला क्लॅम्पने धरून तिच्याच भोकांतून ड्रिल चालवा. या नमुना-रिपेत चूक असली तरी ती सगळीकडे सारखीच येते, आणि सारखी चूक जुळते. रीप मात्र जपून ठेवा, पुढच्या वर्षी नवे फ्लॅट केलेत तर जुन्यांना तीच जुळवेल.

चौकट काटकोनात आहे का ते गुण्याने बघाच, पण खात्री कर्ण मोजून करा. ८ बाय ४ चा कर्ण ८ फूट ११ इंच अडीच सुताच्या (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) आसपास येतो, आकडा थोडा इकडेतिकडे चालेल, दोन्ही कर्ण एकमेकांएवढे यायलाच हवेत. मगच प्लाय ठोका, कारण फेविकॉल लावून प्लाय बसला की चौकट ज्या आकारात असेल त्यातच कायमची राहते. आणि प्रत्येक फ्लॅट रुंदीला अर्धा सूत कमीच करा. एकेक सूत जास्त झालेले दहा फ्लॅट शेजारी लावले की भिंत सव्वा इंच वाढते आणि शेवटचा फ्लॅट विंगेत घुसतो, उलट कमी पडलेली फट झाकता येते.

राहिला कोपरा. त्यासाठी ८ फुटाच्या दोन रिपा एकमेकींना काटकोनात फेविकॉल आणि स्क्रूने कायमच्या जोडा, एका रिपेला खुंट्यांची भोकं, दुसरीला खुंट्या, बोल्टची भोकं दोन्हीला. मागची भिंत एका रिपेला बोल्ट होते, बाजूची भिंत दुसरीला, आणि तो काटकोनी तुकडा भिंतींच्या मागे लपतो, प्रेक्षकाला खोलीचा फक्त स्वच्छ कोपरा दिसतो. असे चार तुकडे करून ठेवा. भिंत प्रेक्षकांकडे टोक काढून वळणार असेल तर हाच तुकडा उलटा बसतो, फक्त तेव्हा तो समोरून उघडा दिसतो म्हणून वर प्लायचं काटकोनी झाकण लागतं.

तिरप्या कोनासाठी मात्र पिन काढता येणारी बिजागरीच हवी. बाजारात ती दरवेळी मिळत नाही, घरी करता येते. साधी तीन इंची लोखंडी बिजागरी शिकंज्यात धरा, पिनेचं एका बाजूचं डोकं कानसीने घासून सपाट करा, खिळा ठेवून हातोडीचा एक फटका दिला की पिन खाली निघते. तिच्या जागी पिनेपेक्षा किंचित बारीक तार, एका टोकाला काटकोनात वाकवलेली, आणि वाकवलेल्या टोकाला सुतळी बांधून ती चौकटीला अडकवायची. सुतळी विसरू नका, अंधारात पडलेली पिन सापडत नाही. बिजागरी मागून लावली की भिंत फक्त मागच्या बाजूला दुमडते, हे लक्षात ठेवून कोन ठरवा.

प्रश्न : नाशिकहून लिहितेय. आमच्या हौशी ग्रुपच्या सेटमध्ये मधोमध दार आहे. नायिका रागाने दार आपटून जाते तेव्हा दोन्हीकडची भिंत हलते आणि प्रेक्षक हसतात. सांधे घट्ट आहेत, तरी असं का होतं?

ताई, हे माझ्याही बाबतीत झालंय, पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका छोट्या गावातल्या प्रयोगात. दार आपटलं, भिंतीवरची फोटोची फ्रेम खाली पडली आणि गंभीर प्रवेश तिथेच संपला. त्या रात्री टेम्पोत बसून मी तेच म्हणत होतो, की सांधे तर घट्ट होते. घट्ट सांध्यांनी सगळे फ्लॅट मिळून एक लांब पत्रा होतो, आणि सरळ पत्रा कितीही घट्ट असला तरी उभा राहत नाही. जाडसर कागद टेबलावर उभा करून बघा, सरळ असेल तर पडतो, मधे एक घडी घातली की उभा राहतो. तुमच्या भिंतीलाही घडी द्या, दाराच्या दोन्ही बाजूंना १ फुटाचा फ्लॅट काटकोनात मागे वळवा. प्रेक्षकाला ते भिंतीच्या जाडीसारखं दिसतं, दार खोल वाटतं, आणि दाराची चौकट दोन्हीकडून धरली जाते.

दुसरं, दाराच्या फ्लॅटला खाली उंबऱ्याची रीप नसते कारण नटांचा पाय अडकतो, त्यामुळे त्याचे दोन पाय मोकळे लोंबतात आणि दार आपटलं की फाकतात. तिथे ३ एमएम जाडीची, पाऊण इंच रुंद लोखंडी पट्टी एका पायाखालून दुसऱ्या पायाखाली न्या आणि दोन्ही टोकं चौकटीच्या बाजूने वर वाकवून स्क्रूने पक्की करा. ती जमिनीला इतकी चिकटून असते की साडीचा काठही अडकत नाही.

तिसरं म्हणजे टेकू. दाराच्या दोन्ही बाजूंना मागे लाकडी त्रिकोण लावा, बिजागरीवर, म्हणजे प्रवासात तो फ्लॅटला चिकटून बसतो. त्रिकोणाचा पाया निदान ३ फूट ठेवा आणि वाळूचं पोतं अगदी शेवटच्या टोकाला ठेवा. हा हिशोब करून बघण्यासारखा आहे. २० किलोचं पोतं ३ फुटांवर ठेवलं तर ८ फूट उंचीवर साधारण साडेसात किलोचा जोर अडवतं, तेच पोतं भिंतीजवळ, फुटावर ठेवलं तर जेमतेम अडीच किलो. पोतं तेच, वजन तेच. बॅकस्टेजची मुलं वाट मोकळी राहावी म्हणून पोती भिंतीकडे सरकवतात, त्यांना हे एकदा समजावून सांगा, ओरडण्यापेक्षा त्याचा उपयोग होतो.

आणि फोटोची फ्रेम खिळ्याला नुसती टांगू नका, खालूनही एक स्क्रू मारा.

प्रश्न : आम्ही गोव्यातले. गावच्या देवळात जत्रेला दरवर्षी मराठी नाटक होतं, आजवर भाड्याच्या रंगवलेल्या पडद्यांवर भागवलं. यंदा भिंतींचा सेट करायची पोरांची इच्छा आहे. मंडप उघडा, हवा दमट, आणि सामान वर्षभर देवळाच्या मागच्या खोलीत पडून राहणार.

पडद्यांवरून भिंतींवर यायचा हा प्रवास आपल्या रंगभूमीनेही केलाय, १९३३ साली नाट्यमन्वंतर या नाट्यसंस्थेने रंगवलेले पडदे बाजूला ठेवून दारं-खिडक्यांची खोली रंगमंचावर आणली तेव्हा ते फार नवीन होतं. तुमच्या पोरांना जरूर करू द्या, पण पडदे टाकून देऊ नका, एवढंच मनापासून सांगतो, ते रंगवणारे हात आता कमी होत चाललेत.

दमट हवेसाठी प्लाय घेताना दुकानदाराला एमआर (ओल सोसणारा) नको, बीडब्ल्यूआर (उकळतं पाणी सोसणारा) दाखवा म्हणा. दोन्ही आयएस ३०३ या प्लायच्या भारतीय मानकातच येतात, पण एमआर घरात वापरायचा, बीडब्ल्यूआरचा डिंक पाणी जास्त सहन करतो. कापलेल्या कडांना प्रायमर लावायचाच, ओल तिथूनच शिरते. बोल्ट गॅल्वनाइज्डचे घ्या, बिजागरीच्या पिना पितळी तारेच्या करा. खुंट्या पावसाळ्यात फुगतात आणि भोकात अडकतात, त्यांना मेण चोळा आणि भोक थोडं सैल ठेवा. फ्लॅट भिंतीला तिरपे टेकवून चार महिने ठेवले तर ते बाकदार होतात, मग कुठलाही सांधा जुळत नाही, म्हणून दोन ठोकळ्यांवर जमिनीपासून वर, चेहऱ्याला चेहरा लावून सरळ उभे रचा आणि दोरीने बांधा.

उघड्या मंडपात मला खरी काळजी वाऱ्याची वाटते. ताशी ३० किलोमीटरचा वारा, म्हणजे लहान झाडं डोलायला लावणारा, ८ बाय ४ च्या एका फ्लॅटला साधारण १५ किलोच्या जोराने ढकलतो, आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. वारा अख्ख्या फ्लॅटवर दाबतो, म्हणून त्याचा जोर ८ नाही, मधल्या ४ फूट उंचीवर धरायचा, तिथे वरच्या उत्तरातलं ३ फुटांवरचं २० किलोचं पोतं त्या १५ किलोला जेमतेम पुरतं, झुळूक वाढली की नाही पुरत. म्हणून उघड्यावर फक्त पोत्यांच्या भरवशावर भिंत उभी करू नका. प्रत्येक फ्लॅटच्या वरच्या रिपेला लोखंडी कडी लावा आणि तिथून मंडपाच्या खांबाला दोरी बांधा, पुढे आणि मागे दोन्हीकडे. समोर लहान मुलं खाली बसलेली असतात. वारा सुटला तर प्रयोग थांबवून भिंत आडवी करायची, हे कोण ठरवणार ते नाटक सुरू व्हायच्या आधी ठरवून ठेवा.

प्रश्न : अमेरिकेतल्या आमच्या मंडळाचं नाटक आहे. शाळेचा हॉल भाड्याने घेतो, जमिनीला स्क्रू मारायची परवानगी नाही, टेम्पो नाही, सगळं आपापल्या गाड्यांतून न्यायचं. हाताशी एक शनिवार-रविवार.

तुमच्याकडे दुकानात ‘वन बाय थ्री’ म्हणून मिळणारं लाकूड प्रत्यक्षात पाऊण बाय अडीच इंच असतं, म्हणजे वर सांगितलेली रीप तुम्हाला तयारच मिळते, फक्त नकाशा काढताना १ आणि ३ इंच धरू नका. बोल्ट ५/१६ इंची, भोक ३/८.

कोणाची मिनीव्हॅन असेल तर सीट काढून ८ बाय ४ ची शीट बऱ्याच गाड्यांत सपाट मावते, आधी जाऊन मोजा. नसेल तर ४ बाय ४ चे चौरस करा आणि एकावर एक दोन रचा, वरच्या-खालच्या रिपांनाही बोल्टची भोकं पाडून. पण अशी भिंत बरोबर मधल्या सांध्यावर कंबरेत वाकते, कितीही बोल्ट आवळा. तिला कणा द्यावा लागतो. मागच्या बाजूला ८ फुटाची एक अखंड रीप, उभी, वरच्या आणि खालच्या दोन्ही चौरसांना बोल्ट केलेली. दर ४ फुटांना असा एक कणा हवाच, आणि ८ फुटाची रीप गाडीच्या टपावरून नेता येते.

वाळूऐवजी पाणी वापरा. एक गॅलन पाणी साधारण पावणेचार किलोचं, पाच कॅन भरले की १९ किलो होतात, येताना रिकामे आणायचे आणि हॉलमध्ये भरायचे. झाकणं टेपने बंद करा, स्टेजवर विजेच्या वायर असतात. कापड लावणार असाल तर हॉलवाल्यांना आधीच विचारा, बऱ्याच ठिकाणी एनएफपीए ७०१ या कापडाच्या अग्निचाचणीच्या अमेरिकन मानकाप्रमाणे आग-रोधक असल्याचा कागद मागतात, आणि प्रयोगाच्या दिवशी तो कागद कुठूनही मिळत नाही.

प्रश्न : फ्लॅटमधली फट कशी झाकायची? रंग लावला तरी रेष दिसते.

मांजरपाटाची ४ इंच रुंद पट्टी, कडा फाडलेल्या, कापलेल्या नाही, कारण फाडलेल्या कडेचे दोरे रंगात मिसळून जातात आणि कापलेली कड रेषेसारखी उठून दिसते. पातळ खळीने चिकटवायची आणि भिंतीचाच रंग वरून मारायचा. रोज सेट काढणार असाल तर पट्टी एका बाजूला कायमची चिकटवा, दुसरी बाजू वेल्क्रोवर.

प्रश्न : लाकूड बरं की लोखंडी चौकट?

एक इंची चौरस पाइप, १८ गेजचा, मीटरला साधारण ९०० ग्रॅम भरतो, म्हणजे ८ बाय ४ ची चौकट आडव्या पट्ट्या धरून पावणेनऊ किलोच्या आसपास. पाइनची तीच चौकट ६ किलोची. लोखंड वाकत नाही, भोकं ढिली होत नाहीत, वर्षाला शंभर प्रयोग असतील तर तेच करा. पण दौऱ्यावर एखादा फ्लॅट मोडला तर लाकूड करवत-हातोडीने विंगेतच दुरुस्त होतं आणि लोखंडाला वेल्डर शोधावा लागतो, रविवारी दुपारी तीन वाजता, परक्या गावात. आठ-दहा प्रयोग करणाऱ्यांनी लाकडाचेच करावेत, आणि सेटच्या पेटीत चार जादा बोल्ट, दोन जादा रिपा आणि मूठभर खुंट्या कायम ठेवाव्यात.